ऐकून, समजून, राजीखुशीने

तीन वाजल्यापासून धाकटा चार वेळा जिना उतरून खाली आला होता, आणि चारही वेळा त्यानं एकच विचारलं, "झाली का सही?"

"चहा झालाय," वहिनी म्हणाल्या. "तो घ्या."

"वहिनी, पाचला कचेरी बंद होते. आज शेवटचा दिवस. उद्या सही केली तर तिला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

त्यानं खुर्ची ओढली, बसला, एक घोट घेतला आणि उठला. त्या दुपारी त्या घरात कुणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं. बंड्या खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत बोटात गाडीची किल्ली फिरवत होता. ताई टेबलापाशी बसली होती ती केवळ समोर करारनामा होता म्हणून. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. स्वस्थ काय ते दादा होते. दोन्ही पंजे टेबलावर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

एकतीस वर्षं दादांनी डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर पत्र्याची झाकणं कापली होती. गेल्या महिन्यात प्रेसखातं बंद झालं आणि सत्तावीस कामगारांच्या हातात सहा-सहा पानांचा करारनामा पडला. सही करा, ठरलेली रक्कम घ्या आणि घरी जा. सव्वीस सह्या झाल्या होत्या. राहिलेली सत्ताविसावी दादांची होती, आणि सह्या गोळा करायचं काम होतं कचेरीतल्या हेडक्लार्ककडे, म्हणजे दादांच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"सहा पानं वाचायला दोन दिवस लागतात होय गं?" धाकट्यानं ताईला विचारलं.

"काका, मला वाचायचाच पगार मिळतो."

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता तिला स्वतःची चूक होण्याची धास्ती बसली होती, आणि घरच्यांना तिची.

"ताई, ही लग्नपत्रिका नाहीये वेलांट्या बघायला," बंड्या म्हणाला. "काका म्हणतात ना सगळं बरोबर आहे म्हणून? करून टाकू दे बाबांना सही." पोतीखोकी पोचवणाऱ्या एका गाडीच्या दोन गाड्या करायचं त्याच्या मनात होतं. रक्कम हातात आली की बाबा नाही म्हणणार नाहीत याची त्याला खात्री होती. बाबा कशालाच नाही म्हणत नसत.

"रकमेबद्दल माझं काही म्हणणं नाही," ताई म्हणाली. "नववं कलम बघा. 'कामामुळे उद्भवलेल्या ज्ञात वा अज्ञात कोणत्याही दुखापतीबद्दल वा व्याधीबद्दल मी आज वा पुढे कधीही कोणताही दावा करणार नाही.' अज्ञात म्हणजे काय, काका? जे मला ठाऊकच नाही ते मी सोडून कसं देऊ?"

"जे ठाऊकच नाही ते गेलं तर दुःख कसलं?" काका म्हणाला, आणि स्वतःच्याच हजरजबाबीपणावर खूश होऊन त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. झुपकेदार मिशी होती. हेडक्लार्क झाला त्याच महिन्यात त्यानं ती राखायला घेतली होती.

बंड्या हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ओट्यापाशी जाऊन धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं.

अज्ञात म्हणे. वहिनींना ते चांगलं ज्ञात होतं. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी शेजारी पेपर वाचत बसलेला माणूस मान वर करत नाही, तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. दारावरची घंटा, पाठीमागून मारलेली हाक, सगळं एकेक करत गेलं. उजवा कान पार गेला, डाव्यात थोडं राहिलं. "कुणाला बोलू नकोस," दादांनी बजावलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला मशीनवर ठेवायचं नाही असा कारखान्याचा नियम होता. कळलं असतं तर दादांना बांधणीखात्यात खोक्यांना दोऱ्या बांधत बसवलं असतं. मग वहिनी त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागल्या. चारचौघांत कुणी काही विचारलं की कानाशी लागून सांगू लागल्या. लोक म्हणायचे, बघा, या वयातही कुजबूज सरत नाही. वहिनी लाजायच्या, आणि ते लाजणंही सोयीचं पडायचं.

"बरं, मी मोठ्यानं वाचते," ताई म्हणाली. "बाबांनी एकदा सगळं ऐकू दे. मग त्यांनी ठरवावं. चालेल, काका?"

"वाच बाई, वाच. पण आगगाडीच्या वेगानं वाच."

ताई वाचू लागली. प्रत्येक कलम संपलं की ती "बाबा?" म्हणे, आणि दादा "हो" म्हणत. पहिलं कलम, हो. दुसरं कलम, हो. चौथ्यापर्यंत ताईला राग यायला लागला. हा माणूस लक्ष देत नाहीये, आपल्या आयुष्याचा कागद आहे आणि याचं चित्त भलतीकडेच.

छापखान्यात एक पद्धत होती. एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं मुद्रितावर नजर ठेवून हो हो म्हणायचं. दुपारनंतर दुसऱ्याला डुलकी लागते, म्हणून वाचणारा मध्येच एखादं भलतंच वाक्य घुसवतो. समोरच्यानं त्यालाही हो म्हटलं तर त्या दिवशीचा चहा त्याच्या नावावर.

ताईनं कागदावरची नजर न उचलता त्याच सुरात वाचलं, "कलम पाच. सदरहू कामगार आपला मुलगा, त्याची गाडी आणि घरातली सर्व पातेली कंपनीला कायमची बहाल करत आहे. बाबा?"

"हो," दादा म्हणाले.

बंड्या खो खो हसला. "अहो बाबा! विकलंत की मला!" काकाच्या कपातला चहा बशीत सांडला. ताईही हसली, आणि हसता हसता तिनं मान वर केली. दादाही हसत होते. सगळ्यांच्या तोंडाकडे बघून, अर्धा क्षण उशिरानं.

ताईचं हसू थांबलं. तिनं कागद उचलून तोंडासमोर धरला आणि त्याच्या आडून नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतंय का?"

"हो," दादा म्हणाले.

"बाबा, आज वार कुठला?"

"हो हो. वाच तू."

नळ चालू होता तो वहिनींनी बंद केला. "पुरे," त्या म्हणाल्या. "त्यांचा तमाशा करू नकोस. नाही ऐकू येत त्यांना. बरीच वर्षं झाली."

मग सगळे एकदम बोलायला लागले. बंड्या म्हणाला हे आम्हाला आत्ता सांगतेस? काका म्हणाला छे, काहीतरीच, रोज सकाळी माझ्याशी बोलतो तो. ताई म्हणाली, काका, बाबा बोलतात की हो म्हणतात?

बोलता बोलता ताईच्या मनात गणित जुळलं, आणि तिनं कागदावर थाप मारली. "म्हणजे हेच ते अज्ञात! प्रेसच्या आवाजानं कान गेले याची भरपाई मागता येते. ही सही केली की ती मागायचा हक्कच गेला. काका, सही होणार नाही."

"ताई म्हणते ते बरोबर आहे," बंड्या म्हणाला.

"तू आत्ता माझ्या बाजूला होतास ना रे?" काका ओरडला.

"तेव्हा बाबांचे कान शाबूत होते!"

धाकट्याला दरदरून घाम फुटला होता, आणि तो नुसता पाचच्या ठोक्यामुळे नव्हता. नववं कलम कशासाठी घातलं हे त्या खोलीत एकट्या त्याला ठाऊक होतं, कारण साहेबांच्या समोर बसून त्यानंच ते टाइप केलं होतं. पण दादाचे कान? त्याच्या डोळ्यांपुढे एकदम वरचा मजला आला. आई गेली त्यानंतर याच टेबलापाशी त्यानं दादाला विचारलं होतं, वरचा मजला मी घेऊ का, आणि दादानं एका शब्दात हो म्हटलं होतं. कागद नाही, साक्षीदार नाही. अख्ख्या नात्यात धाकटा सांगत फिरला होता, भाऊ असावा तर असा. त्या एका 'हो'वर त्यानं वर फरशी बसवली, भिंत पाडली, दहा वर्षं संसार केला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी मजल्याचं विचारलं तेव्हा तुम्ही त्याच्या कानाशी लागला होतात. तेव्हा तरी त्याला कळलं होतं ना?"

वहिनींनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या. "भावजी, घरात नुकतं माणूस गेलं होतं. भांडण नको वाटलं मला. मी त्यांना म्हटलं, भावजी विचारतायत, जिना रंगवून घेऊ का?"

"जिना?"

"जिना."

"दोन वर्षं मला विचारत होता तो, जिना कधी रंगवणार म्हणून! मला वाटायचं टोमणा मारतोय!"

बंड्याला हसू आवरेना, आणि वहिनींना रडू. "मी सांगेन तेवढंच त्यांना कळायचं," त्या म्हणाल्या. "न सांगितलेलं राहून जायचं. सोयीचं होतं ते. मलाच सोयीचं होतं. शिकाऊची जागा सोडून गाडी घेतो म्हणून हा विचारायला आला, तेव्हाही मी काहीच सांगितलं नाही. हो म्हणाले ते आपले."

बंड्याचं हसू विरलं. किल्ली त्यानं खिशात टाकली.

दादा हे सगळं बघत होते. तोंडं हलत होती, हात हलत होते, बायको रडत होती, आणि प्रत्येकजण मध्येच त्यांच्याकडे बघून नजर वळवत होता. पाचवं कलम कसलं होतं कोण जाणे, पण त्याला हो म्हणण्यात काहीतरी घोटाळा झाला होता हे त्यांना उमगलं. आजवर असे घोटाळे कित्येक झाले असतील. लोकांना वाटतं, बहिऱ्याच्या कानात शांतता असते. कुठली शांतता! महिनाभर खातं बंद होतं, पण दादांच्या डोक्यात प्रेस तीनही पाळ्या चालू होती. त्या खडखडाटातून कुणाचं काय बोलणं येतंय हे पकडायचा आटापिटा करून ते थकले होते. हो म्हटलं की लोक खूश होऊन निघून जायचे, आणि आटापिटा तेवढ्यापुरता थांबायचा. चांगुलपणा बिंगुलपणा काही नव्हता त्यात.

"कळलं ना सगळ्यांना?" ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "बरं झालं. आता मशीनवरून काढायला मशीनच नाही. ए धाकट्या, इकडे ये. समोर बस."

धाकटा बसला आणि बोलू लागला. दादांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"खात्यात आम्ही ओठ बघून बोलायचो. हिचं कळतं, पोरांचं थोडंफार कळतं. तू ते झुडूप वाढवलंस तेव्हापासून तुझं एक अक्षर मला समजलेलं नाही."

एरवी बंड्या लोळला असता. धाकट्यानं मुकाट्यानं दोन बोटांनी मिशी वर धरली. वरचा ओठ उघडा पडला. कित्येक वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता.

"दादा," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "नववं कलम कानांसाठीच आहे. मीच टाइप केलं. डॉक्टरांचा अहवाल आला होता. खात्यातल्या निम्म्या लोकांचे कान गेलेत. तुझं नाव नव्हतं त्यात."

"तपासणीच्या दिवशी मी रजा काढली होती."

"मला माहीत नव्हतं रे. आईशप्पथ." मिशी निसटली, त्यानं पुन्हा धरली. "आणि तू सही केली नाहीस तर पुढच्या यादीत माझं नाव आहे. साहेब तसं म्हणालेत. हे मी सांगणार नव्हतो."

"काका, हा दबाव झाला," ताई म्हणाली.

"दबाव नाही गं, भीती आहे!" काका तिच्यावर खेकसला. "मला भीती वाटते. मला दुसरं काही काम येत नाही."

वहिनींनी दादांच्या डाव्या कानाशी लागून मजल्याचं खरं काय ते सांगून टाकलं. मग दादा धाकट्याला म्हणाले, "मजल्याचं विचार."

"काय?"

"तेव्हा विचारलं होतंस ना काहीतरी? आता विचार. मला दिसेल असं."

धाकट्यानं मिशी आणखी वर धरली. पन्नाशी उलटलेला माणूस थोरल्या भावापुढे ओठ वर करून बसला होता. "दादा, वरचा मजला मी घेऊ?"

आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर येणार, असं वहिनींना वाटलं. बंड्याच्या मनात, आपल्या नावावर वरची एक खोली झाली तर, असा विचार येऊन गेला. खोटं कशाला बोला.

"हो," दादा म्हणाले. "घे. आता सहीचं विचार."

"सही करतोस?"

"नाही."

त्यांनी तो शब्द नेहमीच्या बोलण्यातला असल्यासारखा म्हटला. घरातल्या कुणी तो त्यांच्या तोंडून अलीकडे ऐकला नव्हता.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला. उठला, बसला, परत उठला. घड्याळात साडेचार होऊन गेले होते. "पण मी कोरा कागद घेऊन गेलो तर साहेब मला कच्चा खातील. कारण लिहून द्या. नुसतं नाही म्हणून भागत नाही कचेरीत." आणि मग, कचेरीत जन्मभर केलेली नोकरी त्याच्यात जागी झाली. "ताई, शेवटचं पान काढ. सहीच्या वरची ओळ वाच."

ताईनं वाचलं. "'वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला असून, तो मी ऐकून, समजून, राजीखुशीने त्याखाली सही करत आहे.'"

"तो 'ऐकून' धर. लिही, की मला ऐकू येत नाही, सबब मजकूर ऐकला असं मी लिहून देऊ शकत नाही. कानांची तपासणी व्हावी, तोपर्यंत सही करणार नाही. एवढं लिहिलं की पुढे मला विचारायचं कारणच नाही कुणाला. मी नुसता पोचवणारा."

"काका!" ताई म्हणाली. तासाभरापूर्वी ज्याच्याशी हमरीतुमरी चालली होती त्याला मिठी मारावी की काय असं तिला झालं.

"काका काका करू नकोस, लिही. दोन प्रती. आवक शिक्का मारून एक परत आणतो. आणि केव्हापासून ऐकू येत नाही ते घाल. साल नसलेल्या अर्जाला किंमत नसते."

ताईनं कोरा कागद पुढ्यात ओढला. अक्षर तिचं सुरेख होतं. पहिल्या दोन ओळी तिनं झरझर लिहिल्या. "गेल्या" असं लिहून ती म्हणाली, "आई, किती वर्षं?"

"बारा," वहिनी म्हणाल्या. "सात शिट्ट्यांचं मला पक्कं आठवतंय. बारा वर्षं झाली."

पेन थांबलं.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी ताई नवऱ्याचं घर सोडून या दारात उभी राहिली होती. आई तेव्हा घरात नव्हती. वाटेत बसमध्ये शंभरदा घोकलेलं वाक्य तिनं बाबांना एका दमात सांगितलं होतं, मी आता परत जाणार नाही, मला इथे राहू द्या. बाबा म्हणाले होते, हो. कारण विचारलं नाही, समजूत घातली नाही, लोक काय म्हणतील म्हटलं नाही. जगात कुणी कुणाला दिलेला सगळ्यात मोठा होकार होता तो, असं ताई मानत आली होती. त्यानंतर कुणी काही बोललं की ती मनात म्हणायची, बाबांनी हो म्हटलंय. बाकीच्यांचे 'हो' तासाभरात एकेक करून कोसळले तेव्हा तिनं आपला त्यांत मोजलाच नव्हता. आई तर कानाशी लागायलाही नव्हती त्या दिवशी.

"लिही ना," बंड्या म्हणाला. "पावणेपाच झाले."

ती 'पाच वर्षं' लिहू शकली असती. कुणी तिला हटकलं नसतं.

तिनं मान वर केली आणि बाबांना दिसेल असं, सावकाश विचारलं, "मी परत आले त्या दिवशी दारात काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं होतं?"

दादांनी तिच्या ओठांवरून वाक्य पुरं उचललं. हिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. हिची नजर कागदाच्या पलीकडचंही पकडायची.

"नाही," ते म्हणाले.

ताईनं मान हलवली. डोळे भरून आलेले दिसू नयेत म्हणून ती कागदावर वाकली. दादांनी टेबलावरचा हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला आणि तिनं वर बघेपर्यंत काढला नाही.

"तुझ्या हातात उशी होती," ते म्हणाले. "स्वतःची उशी घेऊन कुणी चार दिवस राहायला येत नाही. ऐकायचं काय होतं त्यात?"

ताईनं डोळे पुसून पेन उचललं. दारात काका पायात चपला अडकवून उभा होता, पण लवकर कर म्हणायचं त्याला सुचलं नाही.

तिनं 'बारा' लिहिलं, ओळ पुरी केली आणि कागद सहीसाठी बाबांपुढे सरकवला. दादांनी आधी तो वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, बोट ठेवून. पाच वाजायला सात मिनिटं होती. कुणी त्यांना घाई केली नाही.